काळी, काटेरी ध्यानं

कीटकनाशकांच्या दुकानासमोर मोठी रांग होती. रोपवाटिकेच्या मालकीणबाई त्यात ताटकळत उभ्या होत्या. घरी उरलेलं औषध नवरा गुलाबांवर मारणार होता, कमी पडेल ते त्या नेणार होत्या. पुढे दोघी नणंद-भावजया बोलत होत्या.

"वन्सं, गुलाबांवर मावा नुसता लदबदलाय. त्यात आता काळ्या, काटेरी अळ्या. आज सगळ्यांचाच निकाल लावते."

"वहिनी, अळ्यांवर नारिंगी ठिपके आहेत?"

"आहेत. ओंगळ ध्यानं मेली!"

"अगं, ती काळ्या ठिपक्यांच्या लाल भुंग्यांची पोरं. मावा खाऊनच वाढतात."

"अगं बाई! गेल्या वर्षी मी त्यांनाही मारलं."

"मग मावा परत आला?"

"दुपटीनं!"

"येणारच. खाणारं कोण उरलं होतं?"

"म्हणजे आता ती मावा संपवतील?"

"संपवतील कशाला? मावा घटला की उपाशी भुंगे उडून जातील. मावा पुन्हा माजेल, की भुंगे पुन्हा हजर. हे असंच चालायचं."

मालकीणबाईंनी घाईघाईनं फोन लावला.

"अहो, फवारलंत का? ... पंप तुंबलाय? देव पावला! राहू द्या तसाच. अहो, गुलाबांवरची ती काळी ध्यानं आपलीच माणसं आहेत!"