डोंगरावरनं दावलेलं शेत

गणपतराव : शेत दावायला आणलंय का देवाला, हंबीरराव? तासभर चढतोय. सरळ बांधावर नेलं असतं तर काय बिघडलं असतं?

हंबीरराव : बांधावरनं काय दिसतंय, पावणं? हितनं बघा की! अख्खं भोगावतीचं खोरं डोळ्यापुढं. भर वैशाखात कसं हिरवंगार! घ्या, आधी पाणी प्या.

गणपतराव : नगं. सोयरीक ठरल्याबिगर पोराच्या घरचं पाणी आम्ही घेत न्हाय. आमच्या आईनं घालून दिल्याली रीत हाय.

हंबीरराव : अवो, उन्हानं चक्कर यील!

गणपतराव : येऊ दे. पोरगी द्यायची हाय, शेरडू न्हवं. एसटीडीवरनं म्हणालासा, सहा एकर बागायत. कुठाय?

हंबीरराव : ती आंब्याची झाडं दिसत्यात न्हवं? तिथनं पार नदीपातुर. समदं आमच्या कृष्णाताचं.

गणपतराव : समदं?

हंबीरराव : मग! तुमच्या वर्षाराणीच्या पायाला चिखल लागायचा न्हाय.

गणपतराव : मला शेतीतलं कळत न्हाय. हुपरीत पैंजण करण्यात जन्म गेला. खरं चांदी घासून बघितल्याबिगर मी हातात घेत न्हाय. तुमच्या उसात पाणी कोण पाजतंय? ते डोक्याला लाल टॉवेल बांधल्यालं?

हंबीरराव : ते... गडी हाय आमचा.

गणपतराव : नाव काय गड्याचं?

हंबीरराव : गड्याचं नाव कशाला पायजे? चला, ऊन लई झालं.

गणपतराव : आत्ता तर बघा बघा म्हणत हुतासा! ओ मावशी, शेरडं ऱ्हाऊ द्यात, हिकडं या जरा. ते आंब्याखालच्या उसात कोण हाय वो?

बयाबाई : आमचं कृष्णात की! ह्या हंबीररावाचा पुतण्या. लगीन ठरतंय म्हणं त्याचं, हुपरीत.

हंबीरराव : बयाआत्ती, तुझी शेरडं गेली बघ खाली!

बयाबाई : जाऊ द्यात. मी काय खोटं बोलतोय व्हय? सोमशेखरअण्णाची सहा एकर वाट्यानं करतंय एकटं पोरगं.

गणपतराव : सख्ख्या पुतण्याला गडी केलासा, हंबीरराव? जीभ कशी रेटली?

हंबीरराव : काय करू? बाप न्हाय पोराला. माळाची जमीन म्हटली की माणसं माघारी फिरत्यात. तीन स्थळं गेली.

गणपतराव : आणि पोरालाबी ठावं हाय ही लबाडी?

हंबीरराव : देवाशपथ न्हाय!

गणपतराव : तुमची शपथ ऱ्हाऊ द्या. त्येलाच विचारतो. तुम्ही हितंच बसा. हाळी मारलीसा तर सोयरीक हितंच मोडली म्हणून समजा.

(डोंगर उतरल्यावर, उसाच्या बांधावर.)

गणपतराव : रामराम. ऊस झकास हाय की, पावणं! तुमचाच?

कृष्णात : न्हाय जी. सोमशेखरअण्णाचा. मी वाट्यानं करतो. आमचं ते वरचं, दगडाचं दोन एकर.

गणपतराव : ते? तिथं कुसळबी उगवत न्हाय.

कृष्णात : पावसाळ्यात नाचणी हुती. तुम्ही कुठनं आलासा?

गणपतराव : हुपरीतनं. वर्षाराणीचा बाप मी.

कृष्णात : आं? मग काकानं सांगितलं असंल की तुम्हाला. म्या म्हटलं हुतं, पयलं ह्या दोन एकराचं सांग, मग बाकीचं बोल.

गणपतराव : सांगितलं. त्येंच्या परीनं.

कृष्णात : लई घामाघूम झालासा वो. बसा सावलीला. पाणी दिऊ? आईनं घरनं भरून दिल्याली कळशी हाय.

गणपतराव : घरची?

कृष्णात : व्हय.

गणपतराव : आण. सकाळधरनं तहानलोय.