फुलीवरचा डाग

सरकू नगा बाई, बसा — लुगड्यावरचं रगत बघून भ्यालासा व्हय? माजं न्हाई त्ये. आत वार्डात मालक हायती, त्यांचंबी न्हाई. दिराचं हाय, अर्जुनाचं. काल सांजच्याला वरवंट्यानं हात ठेचला मी त्याचा, ह्यो उजवा, पार मनगटापतुर. का म्हून इचारू नगा. बरं, इचारा, त्याबिगार तुमाला बी करमायचं न्हाई.

मालकांच्या लिवरला गाठ — दारूचा थेंब न्हाई हो, मेंढरामागं जल्म गेला — ती गाठ उतरली हाडात, ह्या खुब्यात. लांडग्याच्या तोंडातनं कोकरू वडून काढल्याला माणूस, आन आता कूस बदलली तरी बोंब मारतो! हितं मिरजंत आणलं तर डाक्टर म्हणलं, मावशी, गाठ काय जात न्हाई, पर मशिनीखाली निजवून लाईटीचा शेक दिला की हाडाचं दुखणं उतरंल, निजतील तरी. मला तेवढंच पायजे हुतं. जगवा म्हणलं का मी? न्हाई म्हणलं. डाक्टरांनी खुब्यावर शाईनं फुली मारली, सोमवारी या, तवर पुसू नगा म्हणलं. मी त्या फुलीला पाणी लागू दिलं न्हाई. लेकरागत जपली.

आन त्यो मुडदा अर्जुना! आमच्यात मेंढरू लंगडलं की डाग देत्यात — इळा लाल करायचा आन दुखऱ्या जागंवर टेकवायचा. अर्जुनाचा हात त्यात लय बसल्याला. त्याला वाटलं, डाक्टर भाजणारच हाय, जागाबी त्यानंच दावलीया, मग सोमवारची वाट कशाला? मी वैरण घिऊन दारात आले तर कातडं जळाल्याचा वास — आपल्या माणसाचा वास, बाई — इळा बराबर फुलीवर, चर्र करतुया, आन मालकांच्या तोंडात पटक्याचा बोळा! उचलला वरवंटा. त्यो पळाला न्हाई. “वयनी, दादाच म्हणला” म्हणत हुता. मी ऐकते व्हय? हाड मोडल्यालं ऐकलं, तरी मारतच हुते. मालकांनी बोळा थुकला, म्हणलं, त्याला मारू नगं, मीच सांगितलं. तवा तर आणिक एक घातला — मालकांवर हात उचलता येत न्हाई म्हून त्याच्याव घातला! आसं बघू नगा माज्याकडं. तुमचं माणूस आसं वरडंल तवा कळंल.

आन खरं सांगू? राती मालक निजलं. कवाधरनं डोळ्याला डोळा न्हाई, आन काल घोरत हुतं. मी उशाला बसून घोरणं ऐकत हुते, आन माज्या अंगाची निसती आग हुत हुती.

सकाळी परत तेच दुखणं. दुप्पट. आन हितं डाक्टर जखम बघून माज्यावरच तडाकलं — ही भरल्याबिगार शेक न्हाई म्हणं. कवा भरंल? महिना तरी. जालीम गोळ्या द्या म्हणलं तर लिवर सोसत न्हाई, थोड्या थोड्या देऊ म्हणं. महिना हाय व्हय त्यांच्याकडं?

थांबा. गप बसा जरा. आयकलं? मालकच त्ये. अर्जुनाला हाक मारत्यात — इळा तापीव म्हणत्यात. कुठनं आणू आता अर्जुना? त्याची बोटं वळत न्हाईत, जल्मात वळायची न्हाईत... आवं बाई, तुमच्या घरात मेंढरं हायती का? डाग देता येतो कुणाला? तुमाला?

न्हाई ना. मग उठा हितनं. उठा म्हणते न्हवं!