हरकत

(मांजरी गाव. दत्तोबा ओट्यावर डावा पाय लांब करून बसलेला, शेजारी बायको सोजरबाई. पुतण्या रणजित उभाच.)

रणजित : ...म्हणून सांगतो तात्या, सोमवारी सरकारी वकील केस मागे घ्यायचा अर्ज देणार. तुम्ही फक्त हरकत घेऊ नका.

दत्तोबा : माझा गुडघा फोडला, ती केस?

रणजित : सगळ्याच राजकीय केसेस निघतायत.

सोजरबाई : ह्यांच्या पायावर सळई घातली, ती राजकीय व्हय रं?

रणजित : काकू, मतदानाच्या दिवशी राडा झाला, म्हणून राजकीय. आणि अभयशेठ आता आपल्यात आलेत.

सोजरबाई : सळई घालणारा आपल्यात?

रणजित : पक्षात. वरनंच ठरलं.

दत्तोबा : दवाखान्यात माझ्या उशाला बसून तू काय म्हनला व्हतास?

रणजित : तेव्हा रागात होतो, तात्या.

दत्तोबा : अभयला खडी फोडायला पाठवतो म्हनला. माझा पट्ट्या बांधलेला फोटू फ्लेक्सवर लावलास.

सोजरबाई : आन त्यावर मतं मागितली.

रणजित : तेव्हा ते विरोधात होते ना! प्लीज समजून घ्या. आपल्या पोरांच्या केसेसपण निघणारेत. त्यांच्या श्यामला मारलं, तीपण.

दत्तोबा : ठावं हाय. श्याम काल आला व्हता.

रणजित : इथं? तो तर पहिल्यापासून अभयशेठचा माणूस.

दत्तोबा : त्यालाबी त्याच्या लोकांनी हेच सांगितलं. गप बस म्हनं. अजून हात खांद्याच्या वर जात न्हाई त्याचा.

रणजित : मग?

दत्तोबा : मग काय. त्यो त्याची हरकत घेनार, मी माझी. दोघंबी सोमवारीच जातोय.

रणजित : तात्या, श्यामच्या केसमध्ये माझं नाव आहे.

दत्तोबा : त्यानं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं बिचाऱ्यानं.

रणजित : आणि तरी तुम्ही त्याच्याबरोबर? मला आत टाकायचंय तुम्हाला?

दत्तोबा : न्हाई रं. तुला आत टाकून माझा गुडघा का वळनाराय? पन घडलंच न्हाई असं कुनी म्हनू नये. तुझ्यासाठी न्हाई आन अभयसाठीबी न्हाई.

रणजित : काकू, तुम्ही तरी सांगा.

सोजरबाई : म्या सांगून दमले, बाबा. तुलाच. त्या दिशी काठ्या घिऊन निगालास तवा.

रणजित : ...सोमवारी गाडी कितीला आणू? दर तारखेला मीच नेतो तुम्हाला.

दत्तोबा : ऱ्हाऊ दे. श्याम रिक्षा घिऊन येतोय.