जसंच्या तसं

(शिवणकामाचं दुकान. बाबांना ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात. सर तोंडानं बोलतात. लेक दोघांच्या मधे उभी राहून इकडचं तिकडे करते.)

सर : ...तर अशी सगळी गत आहे. माझ्या नातीला ऐकू येत नाही म्हणून मी ही शाळा काढली. व्हरांड्यात तीन मुलं होती, आता अकरा झाली. चपला ठेवायलाही जागा उरली नाही. यांची वरची खोली सोमवारपर्यंत मिळाली नाही, तर चार मुलांना घरी बसवावं लागेल. सांग त्यांना.

लेक : बाबा, सरांना शाळेसाठी वरची खोली हवी आहे. नाही मिळाली तर चार मुलं घरी बसतील.

बाबा : खोली देईन. पण आधी विचार, त्या खोलीत हा करणार काय? पोरांना हात मांडीखाली घालून बसवतो म्हणे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरतो आणि 'प' म्हणायला लावतो. कागद हलला की शाबास! दहा महिने झाले, अजून कागदच हलतोय. अगं, कागद तर माझा टेबलफॅनही हलवतो. त्याचं नाव घाल म्हणावं शाळेत, पहिला नंबर काढेल!

लेक : सर, बाबांना तुमच्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जरा... उत्सुकता आहे.

सर : वा, वा! सांग ना मग. हातवाऱ्यांची सवय लागली की जीभ आळशी होते. म्हणून हात मांडीखाली. आधी 'प', मग 'ब', मग शब्द. उतावळेपणा करून भागत नाही.

लेक : बाबा, सर म्हणतात, हळूहळू होईल सगळं.

बाबा : हळूहळू? 'ज्ञ' येईपर्यंत पोरांना मिशा फुटतील! माझी अट सांग. मी रोज दोन तास वर येणार. पोरांचे हात मोकळे राहणार, आणि मी त्यांना हातांनी शिकवणार. कबूल असेल तर ही किल्ली, नसेल तर तो दरवाजा. मी आठ वर्षं काढलीत असल्या शाळेत. फळ्यावरचं उतरवून घ्यायचो. अक्षर इतकं सुंदर की बक्षीस मिळालं! काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं, आणि मला कळत नाही हे कुणाला कळत नव्हतं.

लेक : सर, बाबा म्हणतात... विचार करू.

सर : विचार करू? अगं, त्यांनी टेबल बडवलं. कात्री खाली पडली. मला दरवाजा दाखवला. एवढं करून 'विचार करू'?

लेक : ते जरा जोरात विचार करतात.

बाबा : काय सांगितलंस त्याला? मी दहा वाक्यं बोललो आणि तुझे ओठ दोनदा हलले. ऐकू येत नसलं तरी मोजता येतं मला. जन्म गेलाय मोजण्यात.

सर : थांब, थांब. तू चौथीत असताना मी तुमचा हेडमास्तर होतो. यांना शाळेत बोलावलं होतं, तेव्हाही तूच मधे उभी होतीस. मी सांगितलं, मुलगी अखंड बडबडते, गणितात नापास आहे, आवरा तिला. तर यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी! तिथंच माझं माप घेतलं आणि आठ दिवसांनी मला शर्ट शिवून पाठवला. अठरा वर्षं झाली, त्या शर्टाचं कोडं मला उलगडलेलं नाही. काय सांगितलं होतंस गं तेव्हा?

बाबा : याचं तोंड असं का झालं? काय विचारतोय?

लेक : ते... शर्टाचं विचारताहेत, बाबा.

बाबा : निळ्या रेघांचा! आठवतो ना. माझ्या पोरीला शाळेचं भूषण म्हणाला होता, पहिली आली म्हणाला होता, म्हणून तर शिवला. नाहीतर याचं माप घेणं सोपं होतं का? कुठूनही धरा, पोटच लागतं टेपला.

लेक : सर, मी सांगितलं होतं की... मी पहिली आले.

सर : पहिली!

लेक : आणि शाळेचं भूषण.

सर : अगं, शंभरात सव्वीस मार्क होते तुला!

लेक : बाबा, मी पहिली आले नव्हते. नापास झाले होते. सर तक्रार करत होते.

बाबा : तक्रार? मग बँकेतला साहेब? 'तुमच्यासारख्या कारागिरांचा आम्हाला अभिमान आहे' म्हणाला होता तो?

लेक : 'दुसऱ्या खिडकीवर जा' म्हणाला होता.

बाबा : आणि तुझी आत्या? फोनवर म्हणाली होती, 'दादाची आठवण येते'?

लेक : ते खरं होतं, बाबा. शपथ.

बाबा : आणि मी बोललो त्याचं काय केलंस? त्या पोस्टमनला मी गाढव म्हणालो होतो.

लेक : मी त्याला चहाला बोलावलं.

बाबा : तरीच मेला दर गुरुवारी येऊन बसतो! आणि मी म्हणतोय, एवढं बोललो तरी याला लाज कशी नाही!

सर : काय चाललंय तुमचं? मलाही कळू दे की.

लेक : दोघांनाही सांगते. तोंडानं बोलते आणि हातही चालवते, दोघांनी एकदमच ऐका. मी नऊ वर्षांची होते. दोन मोठी माणसं माझ्या डोक्यावरून भांडणार, आणि दोघांचंही भांडण माझ्याच तोंडून आणि माझ्याच हातून होणार. बाबांना शिव्या मीच द्यायच्या, सरांना शिव्याही मीच द्यायच्या. बँकेत मी, दवाखान्यात मी, घरमालकापुढे मी. मला नाही झेपलं. मग मी दोन्हीकडे थोडी साखर टाकायला लागले. आणि एकदा लागलेली सवय सुटत नाही हो.

सर : बरं. आता असं कर. जसंच्या तसं सांग. एक अक्षर इकडचं तिकडे नको.

लेक : बाबा, सर म्हणतात, जसंच्या तसं सांग.

बाबा : शहाणा आहे की. वाटत नव्हता.

लेक : सर, 'शहाणा आहे की. वाटत नव्हता.' आणि मघाची अट राहिली: बाबा रोज दोन तास वर येऊन मुलांना हातांनी शिकवणार, मुलांचे हात मोकळे राहणार, कबूल असेल तरच किल्ली.

सर : अस्सं? मग त्यांना सांग, शिंप्यानं शाळा शिकवू नये. मी येतो का त्यांच्याकडे काजं करायला?

लेक : बाबा, 'शिंप्यानं शाळा शिकवू नये. मी येतो का त्यांच्याकडे काजं करायला?'

बाबा : वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सरळ भांडलं. खुर्ची दे त्याला. आणि टेबलफॅनचं सांग. पूर्ण सांग, पहिल्या नंबरासकट.

लेक : सर, 'कागद तर माझा टेबलफॅनही हलवतो. त्याचं नाव घाल म्हणावं शाळेत, पहिला नंबर काढेल.'

सर : हं. हे जरा लागलं. पण बोलायला नको का शिकायला मुलांनी?

लेक : बाबा, 'बोलायला नको का शिकायला मुलांनी?'

बाबा : शिकव ना! कोण नको म्हणतंय? पण आधी पोराकडे सांगण्यासारखं काही असू दे. त्याला विचार, नात काय बोलते त्याच्याशी?

लेक : सर, 'शिकव ना, पण आधी पोराकडे सांगण्यासारखं काही असू दे.' आणि विचारताहेत, नात काय बोलते तुमच्याशी?

सर : ती... 'प' म्हणते. छान म्हणते.

लेक : बाबा, 'प' म्हणते. छान म्हणते.

बाबा : परवा आजीबरोबर फ्रॉकचं माप द्यायला आली होती. तासभर बसली इथं. मी चार खुणा दाखवल्या, तिनं चाळीस जुळवल्या. आजोबा घोरतात म्हणाली.

लेक : सर, परवा फ्रॉकचं माप द्यायला आली होती ना, तेव्हा बाबांना तिनं सांगितलं, आजोबा घोरतात.

सर : काहीतरीच! तिला ऐकू कुठे येतं?

लेक : बाबा, 'तिला ऐकू कुठे येतं?'

बाबा : पलंग हलतो म्हणाली.

लेक : 'पलंग हलतो म्हणाली.'

सर : तिची आजी तीस वर्षं तेच म्हणते आहे. मी मानत नव्हतो. ...अजून काय म्हणाली? विचार ना. अजून काय म्हणाली ती?

लेक : बाबा, 'अजून काय म्हणाली ती?'

बाबा : मी विचारलं, शाळा आवडते का? तर म्हणाली, कागद हलवला की आजोबा हसतात. म्हणून हलवते.

लेक : बाबा... हे सांगू?

बाबा : जसंच्या तसं.

लेक : सर, 'कागद हलवला की आजोबा हसतात. म्हणून हलवते.'

बाबा : पाणी दे त्याला.

सर : नको, पाणी नको. नातपण तुझ्यासारखीच निघाली गं. सहा वर्षांची पोर मला सांभाळून घेते आहे, आणि मी शाबासकी देत बसलोय. मला वाटत होतं, ती शिकते आहे. विचार त्यांना, दोन तासांऐवजी तीन तास येतील का?

लेक : बाबा, विचारताहेत, दोन तासांऐवजी तीन तास याल का?

बाबा : येईन. पण हासुद्धा बसणार. पहिल्या बाकावर, नातीशेजारी.

लेक : सर, येतील. पण तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं, नातीशेजारी.

सर : बसतो. पण सोमवारपर्यंत नाही थांबवत. आज घरी गेल्यावर मला तिला विचारायचंय, पलंग किती हलतो. कसं विचारू? दाखवा म्हणावं.

लेक : बाबा, सरांना आज नातीला विचारायचंय, पलंग किती हलतो. कसं विचारायचं ते दाखवा म्हणतात.

बाबा : आधी हात मांडीखालून काढ म्हणावं. केव्हापासून स्वतःच्याच हातांवर बसलाय.

लेक : सर, आधी हात मांडीखालून काढा.

सर : अरेच्चा! हे घ्या, काढले. असं? का असं?

लेक : सर, मनगट सैल सोडा, आणि बोटं अशी...

बाबा : तू मधे येऊ नकोस. बस.

सर : काय म्हणाले?

लेक : 'तू मधे येऊ नकोस. बस.'

सर : मग बस की, बाळ. केव्हाची उभी आहेस.