वादळाची गिटार

...नाही, पण मला कशाला पहिल्या रांगेत बसवायचं, मी म्हणतो? शोकसभा गायकाची, मी पडलो सुतार, मागे खांबाआड गुपचूप उभा राहिलो असतो, तर त्यांच्या ताईंनी हाताला धरून पुढे नेलं, "तू घरचा आहेस, इथे बस." बसलो! आणि घाम फुटला, कारण समोर टेबल, टेबलावर त्यांचा फोटो, फोटोला टेकवलेली गिटार, आणि ती गिटार मी... सांगतो हो, सांगतो! घाई करू नका. सरस वाळायला चोवीस तास लागतात.

तर या गायकाला जग 'वादळ' म्हणायचं. वादळाचं वजन अठ्ठेचाळीस किलो! पंखा तीनवर केला तर भिंतीला चिकटेल असा माणूस. आणि नाव कशाने झालं? गाण्याने? छे! पहिल्याच कार्यक्रमात वायरीत पाय अडकला, धाडकन गिटारवर पडले, गिटारचे दोन तुकडे... आणि पब्लिक येडं झालं! तेव्हापासून तुम्ही काहीही गा, आईवरचं हळवं गाणं गा, खालून एकच ओरडा, "फोड! फोड!" आता यांचा जीव त्या एकाच गिटारवर. दर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तुकडे चादरीत गुंडाळून माझ्या दुकानात हजर.

"मिस्त्री, फार लागलंय का रे हिला?"

"मानेत गेलीय, दादा. होईल बरी."

"उद्या नेऊ?"

"सरस वाळायला चोवीस तास लागतात, दादा."

तर बसले तिथेच भुशात, तिच्या उशाशी!

शेवटी मीच युक्ती काढली. मान पक्की चिकटवायचीच नाही. दोन थेंब सरस, तारा सैल, सूर काय तो मागचा दुसरा गिटारवाला देईल. जमिनीला नुसती टेकवली की चार तुकडे, ठरलेल्या जागी! सहा वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस वेळा मेली आणि उठली. एकदा तर दादा नुसते शिंकले आणि मान गळून पडली. पेपरात काय यावं? 'वादळाचा संताप अनावर!'

आणि गेल्या महिन्यात गेले. कशाने? तसल्याच एका सर्दीने. छातीत उतरली... जाऊ द्या.

ताई दुकानात आल्या. तीच चादर. म्हणाल्या, "बाळची एवढी एकच वस्तू राहिलीय रे. आता अशी जोड, की पुन्हा तुटता कामा नये." जोडली! आतून लाकडी खुंट्या ठोकल्या, सांध्यासांध्यात सरस भरला, शिकंजे आवळून तीन दिवस हात लावला नाही, मग तारा ताणून बसवल्या. आयुष्यात पहिल्यांदा ते काम मी मन लावून केलं.

आणि सभेत तो ड्रमवाला! हा एवढा रेडा, भाषण संपवता संपवता गिटार उचलतो आणि म्हणतो, "वादळाला शेवटची सलामी... वादळाच्याच पद्धतीने!" झालं! मागून सुरू, "फोड! फोड!" ताईंनी माझं मनगट धरलं, "अरे, बोल ना काहीतरी!" उठलो. तोंड उघडलं. चार माणसांत मला बोलता येत नाही हो! निघालं काय? "सरस..." कोण ऐकतंय?

हाणली त्याने. टेबल दुभंगलं! गिटार शाबूत. पुन्हा हाणली, माईकचा दांडा वाकला. तिसऱ्यांदा स्टेजवर, तर स्टेजची फळी फुटली आणि हा गुडघ्यापर्यंत आत! आणि गिटार? ओरखडा नाही! उलट तिने असा एक सूर दिला... सहा वर्षांत मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. गिटार न फुटल्याबद्दल टाळ्या! ताई रडत हसत पुढे गेल्या, त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि लेकरासारखी कडेवर घेऊन चालू लागल्या.

मीही निघालो, तर हॉलच्या मॅनेजरने दारातच गाठलं. "मिस्त्री तुम्हीच ना? टेबल गेलं, फळी गेली, आणि उद्या सकाळी इथे नाटक आहे. तेवढ्यात होईल ना?" आणि मी मूर्खासारखी मान हलवून आलो! आता तुम्हीच सांगा हो त्यांना, सरस वाळायला किती तास लागतात ते... मला बोलता येत नाही.