सावडीचा बैल

माझं माहेर अणदूर, खंडोबाचं गाव, आन मला दिलं हिकडं परंड्याच्या बाजूला, माळावर. तुझ्या आज्ज्याचं सांग म्हणतीस तर तिथनंच सांगावं लागंल, त्याच्या आधीचं मला काय ठावं न्हाय. नाव त्यांचं भानुदास, पर तुमी समदी पोरं त्यांना तात्या म्हणायची म्हणून मी बी तात्याच म्हणती. लगीन झाल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सासूनं रान दाखवायला नेलं, तर नजर जाईल तिथवर नुसतं कुसळी गवत आन धोंडे. म्या विचारलं, आत्याबाई, आपलं रान कुठं हाय. म्हणल्या, हेच की, तू उभी हाईस त्येच.

भावाभावांची वाटणी झाली तवा थोरल्यानं ओढ्याकडचं घेतलं, मधल्यानं विहिरीजवळचं घेतलं, आन तात्या गप बसले म्हणून त्यांच्या वाट्याला माळ आला. ह्यावरनं मी लई बोलले, पहिली चार-पाच वरसं तर रोज बोलले आसंल. ते आयकून घ्यायचे आन पहार खांद्यावर टाकून जायचे. धोंडे काढायचे, उताराला आडवे रचायचे, पावसाचं पानी तिथं थांबायचं आन मागं बोटभर माती बसायची, मग पुढल्या वरसाला आजून बोटभर. तुझा बाप झाला, मागनं दोन्ही आत्या झाल्या, तरी तात्याचे धोंडे चालूच. आधी त्या माळावर हुलगा आन बाजरीच यायची, पर असं करत करत खालच्या अंगाला तीन एकर रान तयार झालं, ज्यात शाळू, म्हणजे थंडीतली जवारी, घ्यावी. त्या तीन एकरावर आमच्या घरच्या वरीसभराच्या भाकरी.

घरात कसे व्हते म्हणतीस. चांगले व्हते. कधी हात उगारला न्हाय, कधी पिऊन आले न्हाईत. मी बाळंतीण असले की भाकरी तेच करायचे, जाड व्हायच्या, पाटीवाणी, वर लिहावं अशा, पर करायचे. तुझ्या धाकट्या आत्याच्या वेण्या बी घालायचे, दाव्याला पीळ द्यावा तशा घट्ट, पोरगी म्हणायची तात्या डोळे वर वढले माझे, तर म्हणायचे, संध्याकाळपतुर सुटत न्हाईत बघ. समदं करायचे. फकस्त मागायचं म्हणलं की त्यांचं तोंड उघडायचं न्हाय. जेवताना मीठ कमी असलं तरी मागायचे न्हाईत, तसंच खायचे.

आता मेन सांगती. आमच्याकडं एकच बैल, कोशा. दुसरा घ्यायची ऐपत कधी झाली न्हाय. ओढ्याच्या पलीकडं रहीमभाऊचं रान, त्यांच्याकडं बी एकच बैल, तांबड्या. मग एक बैल आमचा, एक त्यांचा, दोन्ही मिळून एक जोडी, ह्याला सावड म्हणायचं. एक वरीस आधी आमची पेरणी मग त्यांची, दुसऱ्या वरसाला आधी त्यांची मग आमची. बारी ठरलेली. कागद न्हाय, साक्षीदार न्हाय, पर बारी म्हणजे बारी. असं लई वरसं चाललं आन कधी शब्दाला शब्द झाला न्हाय.

त्या साली पाऊसच न्हाय झाला. वाट बघून बघून हत्तीच्या नक्षत्रात, दसऱ्याच्या सुमाराला, एक पाऊस आला, बरा आला, आन दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, वारं. आता तुला कळायचं न्हाय म्हणून सांगती. माळाचं रान दोन दिवसात वापशाला येतं, म्हणजे पेरायला घ्यावं इतकी ओल राहती, आन दोन दिवसात वाळून बी जातं. रहीमभाऊचं रान काळं, चिकट, त्यात चार-पाच दिवस पाय घालता येत न्हाय, पर ओल पंधरा दिवस हटत न्हाय. आन बारी त्या साली रहीमभाऊची.

म्हणजे काय झालं, त्यांचं रान पेरता येईना म्हणून दोन्ही बैल आपापल्या दारात बांधलेले, आन आमचं रान तयार व्हऊन वाळायला लागलेलं. तात्या सकाळी जाऊन मूठभर माती दाबून बघायचे, टाकून द्यायचे, परत यायचे. म्या म्हणलं, अवो, जाऊन सांगा की रहीमभाऊला, तुमचं रान थांबतंय, आमचं थांबत न्हाय. म्हणले, बारी त्यांची हाय. म्या म्हणलं, तांबड्या काय त्यांच्या दारात पूजा करायला बांधलाय. ते पायाची माती काढत बसले. म्या म्हणलं, कणगीत दोन महिन्याची जवारी हाय, पुढं पोरांना काय धोंडे खायला घालता, ते लई हायेत तुमच्याकडं. उठले आन भायेर जाऊन बसले.

दुपारच्याला मीच गेले. रहीमभाऊ घरी नव्हते, हमिदाबी व्हती, त्यांची बायको, शेंगा फोडत बसलेली. मी बी बसले, चार शेंगा फोडल्या आन सांगून टाकलं की ह्यांनी सांगावा धाडलाय, ह्या साली आधी आमचं पेरून घिऊ. धडधडीत खोटं. हमिदाबीनं माझ्याकडं बघितलं, म्हणली, अगं बाई, हमारे इनो दो दिन से येच बोल रहे. मग मराठीत म्हणली, म्या त्यांना म्हणलं जा की मग, तर म्हणत्यात कसा जाऊ, मागं एकदा म्हणलो व्हतो तुझा माळ आधी पेरू, तर भानुदास म्हणला माझ्या माळाची कीव करू नको. तवापासनं घाबरत्यात. आता तूच बघ पोरी. एक मागत न्हाय, दुसरा देत न्हाय, आन रान वाळतंय.

सकाळी तांबडं फुटायला रहीमभाऊ बैल घिऊन आमच्या रानात. तात्या बांधावर उभे. रहीमभाऊ म्हणले, भानुदास, तू सांगावा धाडलास म्हणून आलो. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या वटीत बियाणं व्हतं. नुसतं म्या न्हाय धाडला म्हणले असते तर बैल माघारी गेला असता, मी ह्या माणसाला वळखत व्हते, तसं म्हणायला त्यांना काय लागलं नसतं. खाली वाकले, माती दाबून बघितली, झटकली. म्हणले, व्हय, धाडला. आन कोशाला जू घातलं. तिफणीवर दाणं सोडायला मी. दोन दिवसात तीन एकर उरकलं.

माझ्यासंगं महिनाभर बोलले न्हाईत. पानी लागलं की लेकीला म्हणायचे, आईला म्हण तांब्या दे, आन मी हातभर लांब उभी. शाळू काय लई न्हाय आला, पर वरीस निघालं. आमच्याच आळीत बऱ्याच घरांनी त्या साली जवारी इकत आणली.

पुढं पोरींची लग्नं झाली, तुझ्या बापाला नोकरी लागली न्हाय म्हणून तो बी रानातच आला. कोशा गेला, तांबड्या गेला, सावड मोडली असं कुणी म्हणलं न्हाय, ती आपसूक संपली. आता टॅक्टर फोनवर येतं. तात्या शेवटी चार महिने अंथरुणावर व्हते, आन एक दिवस आपणहून म्हणले, त्या साली तू गेली नसतीस तर त्याच सांजला मी जाणार व्हतो रहीमकडं. कंच्या साली, ते काय सांगितलं न्हाय. मी व्हय म्हणले आन पाठ पुसली त्यांची.

ते गेल्यावर रहीमभाऊ येत्यात अधनंमधनं, गुडघे गेलेत तरी येत्यात. न्हाय तर मी जाती. परवा गेले तवा त्यांना हे सांगितलं. म्हणले, वहिनी, खरं हाय, मी बी त्या सांजला निघणारच व्हतो. हमिदाबी चहा घिऊन येत व्हती, तिनं आयकलं. म्हणली, दोघं बी गेले नसते. रहीमभाऊनी बशीत चहा वतून घेतला.

एवढंच हाय बघ. माणूस कष्टाचा व्हता, घराला धरून व्हता. माझं बी आता सरत आलं, काय तक्रार न्हाय. तुझं चांगलं व्हवं, लई शिक.