कुमुद सिस्टरांनी ऐकलेला आवाज

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष डॉक्टर अविनाश सर, पाहुण्या आभा मॅडम, आज रिटायर होणाऱ्या आपल्या कुमुद सिस्टर, आणि पनवेलच्या या हॉस्पिटलातले समोर बसलेले सगळे, तुमाला कोमलचा नमस्कार. मी इथं कामाला नाय. मी पेशंट. उरणला आईबरोबर मासळी विकते. बोलायची सवय नाय, म्हणून कागदावर बघून बोलते. चालेल ना?

दोन वर्षांमागं धक्क्यावर पाय घसरला नि डोकं आपटलं. चार टाके पडले, बरी झाले. तीन आठवड्यांनी डावा डोळा लाल झाला, सुजून बाहेर आला. सगळे बोलले, डोळे आले. आणि डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघायचं नाय, बघितलं की आपले पण येतात, हे आमच्याकडं बारक्या पोराला पण ठाऊक. आईनं काळा गॉगल आणला, दवाखान्यातून ड्रॉप आणले. चार बाटल्या संपल्या, अडीच महिने झाले, डोळा तसाच. फळ्यावरचं एक अक्षर दोन दिसायचं. नववीतून घरी बसले ती परत गेलेच नाय.

आणि डोक्यात आवाज. लांबून बोटीचं मशीन येतं ना, तसा. धुस, धुस. थांबायचाच नाय. आईनं मागं उभं राहून माझ्या कानाला कान लावला, तिला कायच ऐकू आलं नाय. काळूराम काका बोलला, "दिवसभर मोबाईल कानाला, मंग मशीनच वाजणार." सगळे हसले. मी पण हसले. मग कोणाला सांगितलंच नाय.

प्रितमदादाच्या हळदीला मी आतल्या खोलीत होते. पाहुण्यांचे डोळे नकोत यायला. कोणीतरी खिडकीत हळदीची वाटी ठेवून गेलं. माझी मीच लावली. बाहेर बेंजो वेगळा, माझ्या डोक्यातलं मशीन वेगळं. जाऊ दे.

मग आई इथं घेऊन आली. लाल डोळेवाल्यांचं बाकडं वेगळं, त्यावर मी एकटीच. कुमुद सिस्टर आल्या आणि बाजूलाच बसल्या. गॉगल काढला माझा. बोलल्या, "माझ्याकडं बघ." अडीच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या डोळ्यात बघत होतं. मला रडायला यायला लागलं. डोकं आपटलं होतं का, विचारलं. काय वाजतं का, विचारलं. मला सांगता येईना, म्हणून बाकड्यावर बोटानं ठोकून दाखवलं. त्यांनी स्टेथोस्कोप घेतला आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला. डोळ्यावर! स्वतःचे पण डोळे मिटले. आणि मग त्याच बोटानं ठोकायला लागल्या. तसंच, माझ्याबरोबरच.

"हेच वाजतंय ना?"

मी नुसती मान हलवली.

सरांनी नंतर समजावलं. डोळ्याच्या मागं, कवटीच्या तळाशी, मोठी रक्तवाहिनी फाटून बाजूच्या नसेला जोडली गेली होती. जोराचं रक्त उलटं डोळ्याकडं चढत होतं. त्याचाच लाल रंग, त्याचाच आवाज. अजून थोडे दिवस गेले असते तर डोळा गेला असता. मुंबईला मांडीतून तार घालून ती जागा बुजवली. जाग आली तर डोक्यात कायच नाय. खोटं कशाला बोलू, तेव्हा पण रडले. अडीच महिने तेवढंच तर सोबत होतं.

डोळा बरा झाला, पण लोकांची सवय गेली नाय. गिऱ्हाईक पापलेटाकडं बघून बोलतं, आई कोयत्याकडं बघून. मी पण खालीच बघते. इथं आले की सिस्टर आधी डोळ्यात बघायच्या, मग केसपेपर मागायच्या. तेवढ्यासाठी मी तारीख नसताना पण आलेय. सर, रागावू नका.

सोमवारी सिस्टर नाशिकला जाणार, पोरीकडं. जायलाच पायजे. पण मला पुढची तारीख मंगळवारची हाय.

मला बोलायला दिलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. कोणाचं नाव राहिलं असेल, काय वाकडं बोलले असेन, तर लहान समजून पोटात घाला. आता कागद खाली ठेवते.

सिस्टर, तुमी मगापासून शालीकडंच बघताय. माझ्याकडं बघा.